ताईंचं मत

धाकटा बोलायचा थांबला, तेव्हा मिटिंगच्या खोलीत खालच्या, पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे ठोके तेवढे ऐकू येत होते. काल तो त्यांच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाकडे, गाड्या बनवणाऱ्या कंपनीत जाऊन आला होता. आल्यापासून त्यानं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. ‘सगळे एकत्र बसा, मग एकदाच सांगतो,’ एवढाच निरोप. आता सांगून झालं होतं. दोन वर्षांनी ती कंपनी पेट्रोलच्या गाड्या काढायच्याच बंद करणार होती. पुढच्या सगळ्या गाड्या बॅटरीवर. बॅटरीच्या गाडीला सायलेन्सर लागत नाही, आणि हा कारखाना वडिलांच्या वेळेपासून सायलेन्सरच बनवत आला होता.

“हे ते कधीपासून सांगतायत,” दादा म्हणाले. “दरवर्षी एक नवा साहेब येतो आणि बॅटरी बॅटरी करतो.”

“या वेळी सांगितलं नाही, दादा. दाखवलं,” धाकटा म्हणाला. “पेट्रोलची एक लाइन त्यांनी उखडलीसुद्धा. मी त्या उघड्या जमिनीवरून चालत गेलो. बोल्टांची भोकं तेवढी राहिलीत.”

ताई दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. तिघा भावंडांतल्या त्या मधल्या. दादांनी कारखाना चालवायचा, धाकट्यानं गिऱ्हाइकं सांभाळायची आणि ताईंनी माणसं, अशी वाटणी वडील गेले तेव्हाच झाली होती. पन्नाशी उलटली तरी धाकटा धाकटाच राहिला होता आणि दादा त्याला अजून भर मिटिंगमध्ये ‘छोट्या’ म्हणत. टेबलाच्या टोकाला दादांची मुलगी बसली होती. वेल्डिंग आणि तपासणी तिच्याकडे होती. घरात तिला चिमणी म्हणत, आणि शिक्षण, नोकरी, परदेशातली दोन वर्षं असं सगळं होऊनही ते नाव काही सुटलं नव्हतं.

“काका, पेट्यांचं काय म्हणाले?” चिमणीनं विचारलं.

“परवा नमुना मागितलाय.”

“परवा?”

“दुसऱ्या दोन कंपन्यांकडूनही मागवलाय. ज्याचा पसंत पडेल त्याला काम.”

पेट्या म्हणजे बॅटरीच्या. गाडीच्या पोटाखाली एक रुंद, चपटी अ‍ॅल्युमिनियमची पेटी बसते आणि तिच्यात सगळी बॅटरी असते. चिमणी मागच्या शेडमध्ये तीन माणसं घेऊन गेले काही महिने त्याच्याच मागे लागली होती. दादांनी त्याला हरकत घेतली नव्हती आणि लक्षही घातलं नव्हतं.

“आणखी एक आहे,” धाकटा म्हणाला. “एक मोठा उद्योगसमूह आपला कारखाना घ्यायला तयार आहे. चांगली बोलणी आहेत. सोमवारी त्यांना हो किंवा नाही कळवायचंय.”

“तू बोलणी केलीस?” दादांनी शांतपणे विचारलं.

“त्यांनी केली. मी ऐकून घेतली.”

दादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ठीक आहे. मी विचार करतो आणि संध्याकाळी सांगतो.”

या खोलीतली प्रत्येक मिटिंग याच वाक्यावर संपत आली होती. दादा सांगायचे आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. पत्रा महागणार हे त्यांना बाजाराच्या आधी कळायचं. मशीनच्या आवाजावरून बिघाड सांगायचे. म्हणून कुणाला काही खटकलंही नव्हतं. पण आज धाकटा उठला नाही.

“या वेळी तसं नको. मतं घेऊ. वडिलांनी तिघांना सारखा वाटा दिलाय. दोघांचं जे ठरेल ते.”

‘मत’ हा शब्द त्या खोलीत आजवर कुणी उच्चारला नव्हता. दादांनी धाकट्याकडे पाहिलंच नाही. ते ताईंकडे बघून किंचित हसले. ताईंना ते हसू चांगलंच ओळखीचं होतं. तू माझ्याच बाजूला आहेस, त्यात विचारायचं काय, असं ते हसू होतं.

“चारला पुन्हा बसू,” ताई म्हणाल्या.

*

कॅन्टीन रिकामं होतं. धाकट्यानं दोन कप चहा आणला, ताईंसमोर एक ठेवला आणि खुर्ची उलटी फिरवून बसला. लहानपणापासून काही मागायचं असलं की तो असाच बसायचा.

“ताई, मला पळून जायचं नाहीये. तुला तसं वाटत असेल.”

“मी कुठे काय म्हटलं?”

“तू काही म्हणत नाहीस तेव्हाच भीती वाटते.” त्यानं कप फिरवला. “हे बघ. दादा वाईट नाही. पण त्याला नाही म्हणणारा माणूस या आवारात उरलेला नाही. बाहेर काय चाललंय ते मी येऊन सांगतो, तो ऐकतो आणि संध्याकाळी त्याला जे आधीच वाटत होतं तेच सांगतो. गिऱ्हाइकासमोर मान खाली घालून उभा मी राहतो. असंच चाललं तर दोन वर्षांत आपोआप बंद पडेल. त्यापेक्षा चालता कारखाना चांगल्या हातात गेलेला काय वाईट?”

आपण खरं बोलतोय हे त्याला ठाऊक होतं. ताई उलट बोलतील म्हणून त्यानं चारपाच उत्तरंही मनाशी घोळवून ठेवली होती. पण ताईंनी वेगळंच विचारलं.

“माणसांचं काय करणार ते?”

“ठेवतील की. चालता कारखाना घेतायत.”

“तू विचारलंस?”

त्यानं विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलं नाही असंही नव्हतं. समूहाच्या माणसाबरोबर जेवताना दोनदा प्रश्न ओठांवर आला होता आणि दोन्ही वेळा त्यानं विषय बदलला होता.

“आता विचार,” ताई म्हणाल्या. “माझ्यासमोर. मला ऐकू येईल असं.”

“आत्ता?”

“मत मागतोयस ना माझं?”

त्यानं त्या माणसाला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडचा माणूस अगदी मोकळेपणानं बोलला. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. प्रेस आणि भट्ट्या ते आपल्या दुसऱ्या कारखान्यात हलवणार होते. जागेचं पुढे बघणार होते.

“आणि माणसं?” धाकट्यानं विचारलं.

“माणसं तुमच्याच बाजूनं मोकळी करून द्यावी लागतील. ते करारात येईलच. त्याची काळजी करू नका, आमचे वकील सगळं नीट बघतात.”

फोन बंद झाल्यावर धाकटा बराच वेळ कपातल्या सायीकडे बघत राहिला. प्रेसवर त्याच्या शाळेतला एक मित्र होता. त्याच्या मुलीच्या लग्नात धाकट्यानं पंगतीत वाढलं होतं.

“मला वाटलं होतं...” तो म्हणाला.

“तुला विकायचं नव्हतंच, छोट्या. तुला दादाशी भांडायचं नव्हतं.” ताईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. “त्यासाठी एवढी माणसं घरी बसवायची नाहीत. भांडून घेऊ.”

*

मागच्या शेडमध्ये चिमणी गुडघ्यांवर बसून पाण्याच्या टाकीत बघत होती. पेटी साखळीला बांधून पाण्यात सोडलेली होती आणि आत हवा भरलेली होती. पेटी पक्की असेल तर पाणी हलत नाही. डाव्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची एक बारीक माळ वर येत होती.

“काय झालं?”

मागे दादा उभे होते. ते या शेडमध्ये क्वचितच येत. तपासणीचं काम करणारा माणूस चटकन बाजूला सरकला.

“गळतंय, बाबा. कोपऱ्यात.”

दादांनी वाकून पाहिलं. “पहिल्यांदाच?”

चिमणी उत्तर देणार तोच त्यांनी हात करून तिला थांबवलं आणि त्या माणसाला विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “नाही दादा. सगळेच नमुने गळतायत. कधी इथून, कधी तिथून.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

चिमणी उठून उभी राहिली. गुडघे ओले झाले होते.

“तुम्हीच म्हणता ना बाबा, माझ्याकडे अडचण घेऊन येऊ नका, उत्तर घेऊन या. आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून कुणी आलं नाही. अ‍ॅल्युमिनियमचा माल उशिरा येतोय, तेही खरेदीवाल्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही. तेही उत्तर शोधतायत.”

दादा वेल्डिंगच्या टेबलाशी गेले. त्यांनी हातमोजे चढवले, तोंडावर मुखवटा ओढला आणि एक सुटा तुकडा पुढे घेतला. हे काम ते वडिलांच्या हाताखाली शिकले होते. त्यांच्या हातची सायलेन्सरच्या जोडाची शिवण आजही नव्या माणसांना दाखवत. सगळे लांबून बघत राहिले. ज्योत निळी झाली, हात सरळ रेषेत सरकला, आणि पुढच्याच क्षणी पत्र्याला भोक पडून धातू खाली टपकला. त्यांनी दुसरा तुकडा घेतला. तोही तसाच गेला.

मुखवटा वर करून ते त्या भोकाकडे बघत म्हणाले, “पोलाद आधी लाल होतं. सांगतं, की आता थांब. हे काहीच सांगत नाही.”

“हो. पहिले कितीतरी दिवस आमचंही हेच झालं.”

“ठीक आहे.” दादांनी मोजे काढले. “परवा नमुना तयार आहे असं कळवून टाक. एकदा काम हातात येऊ दे. माल द्यायची वेळ येईपर्यंत जमवू. आजवर असंच केलंय सगळं.”

चिमणीला हा क्षण कधीतरी येणार हे माहीत होतं. तो आला तर आपला आवाज चढेल अशी तिला भीती होती. पण चढला नाही.

“नाही, बाबा. सायलेन्सर गळला तर गाडी आवाज करते. पेटीत पाणी शिरलं तर गाडी पेटते, आणि आत कुणाची तरी मुलंबाळं असतात. मी तसं कळवणार नाही.”

“मी कळवतो.”

“मग मी तिथे जाऊन सांगेन की ते खोटं आहे.”

इतक्या माणसांसमोर दादांना कुणी असं बोललं नव्हतं. त्यांनी मोजे टेबलावर आपटले. तेवढ्यात चिमणीचं लक्ष दाराकडे गेलं. तिथे ताई उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे.

“चार वाजले,” ताई म्हणाल्या. “वर चला.”

*

दादांनी सुरुवात केली ती समेटाच्या सुरात. त्यांनी विचार केला होता. विकायचं नाही. पेट्यांचं काम घ्यायचं. त्यासाठी शेड वाढवायची. चिमणीनं तिथलं बघायचं आणि रोज संध्याकाळी त्यांना सांगायचं. बाकी सगळं आहे तसं.

“विकण्याचं मी मागे घेतो,” धाकटा म्हणाला. दादांच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं, आणि म्हणूनच ताईंना पुढचं बोलणं जड गेलं.

“पेट्यांना माझी हरकत नाही,” त्या म्हणाल्या. “‘बाकी आहे तसं’ याला आहे. दादा, तू खुर्ची सोड.”

प्रेसचे ठोके पुन्हा ऐकू यायला लागले.

“तुम्ही सगळे ठरवून आलात तर,” दादा म्हणाले.

“मला माहीत नव्हतं,” चिमणी पटकन म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

“कुणी ठरवलेलं नाही. मी खाली पाहिलं आणि मग ठरवलं.” ताईंचा हात पदराशी चाळा करत होता, पण आवाज स्थिर होता. “हे इतकी वर्षं चाललं ते तुझ्यामुळे. हे मी कुणालाही सांगेन. अडचण यायच्या आधी तुझ्याकडे उत्तर असायचं, कारण काम तेच होतं. आता कामच बदललं. आता या खुर्चीत बसणाऱ्याला रोज म्हणावं लागणार, की मला माहीत नाही, कुणाला माहीत आहे का बघू. ते तुला जमत नाही. तू कोपलास म्हणून नाही, दादा. तू न कोपताही लोक तुला वाईट बातमी सांगत नाहीत. ज्याच्यापर्यंत वाईट बातमी पोचत नाही त्यानं आता हे चालवू नये.”

“आणि छोट्याचं काय म्हणणं?”

“ताईचं तेच माझं,” धाकटा म्हणाला. मग त्याला ते पुरेसं वाटलं नसावं. “आणि हे मी तुला फार आधी सांगायला हवं होतं. ते न सांगता मी कारखाना विकायला निघालो होतो.”

दादा खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली अंगणात दुपारच्या शिफ्टची माणसं सावलीत उभी होती. पाठमोरेच ते म्हणाले, “मग बसव तिला. मुलगीच आहे माझी. घरातच राहिलं.”

“मला खुर्ची अशी नको,” चिमणी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“घरात राहावी म्हणून नको. मला पेट्या येत नाहीत, बाबा. अजून गळतायत. ज्यानं हे काम आयुष्यभर केलंय असा माणूस बाहेरून आणायचा, माझ्या बरोबरीनं बसवायचा, आणि तो मला चूक म्हणाला तर ते ऐकून घ्यायचं. हे कबूल असेल तर मी बसते. वर्षानं तिघांनी बघावं. जमत नसेल तर मला उठवावं.” ती थांबली. “आणि सायलेन्सरची लाइन दोन वर्षं चालवून बंद करायचीय. नीट बंद करायचीय. शेवटच्या दिवसापर्यंत माल चोख जायला हवा, आणि त्याच वेळी एकेक माणूस सोडवून शिकायला पाठवायला हवा. हे मला जमणार नाही. ते एकट्या तुम्हाला जमेल.”

“म्हणजे मी बंद करू,” दादा म्हणाले. “जे बांधलं ते.”

“दुसऱ्या कुणी केलं तर ते मोडतील. तुम्ही उतरवाल.”

दादांनी वळून विचारलं, “गिऱ्हाइकाला केव्हा सांगतेस?”

“आत्ता.”

तिनं सगळ्यांसमोर फोन लावला. कंपनीच्या खरेदीप्रमुख बाईंनी तो उचलला. चिमणीनं आडवळण घेतलं नाही. नमुना गळतोय, परवापर्यंत गळती थांबणार नाही, कोपऱ्याची जोडणी बदलावी लागेल.

“बाकीच्या दोघांचा तयार आहे म्हणतात,” बाई म्हणाल्या.

“असेल. त्यांना पाण्यात बुडवून दाखवायला सांगा.”

धाकट्यानं डोळे मिटून घेतले. मग बाई म्हणाल्या, “परवा तुमचा गळका नमुना घेऊन या. कुठे गळतो आणि का, ते आमच्या माणसांना स्वतः समजावून सांगा. काम देईन असा शब्द देत नाही. पण या.”

*

शिफ्ट बदलताना दादांनी सगळ्यांना प्रेसच्या भागात गोळा केलं. बोलायला ते नेहमी लोखंडी जिन्याच्या तिसऱ्याचौथ्या पायरीवर चढत. आज खालीच उभे राहिले, त्यामुळे मागच्यांना दिसेनात आणि माणसं जवळ सरकली.

वर्षानुवर्षं त्यांनी इथे एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली होती. काळजी करू नका, मी आहे. त्यांची जीभ सवयीनं त्याच वाटेला चालली होती. त्यांनी ती आवरली.

“दोन वर्षांनी ही लाइन बंद होईल,” ते म्हणाले. “अफवा ऐकाल, त्याआधी माझ्याकडून ऐका. नव्या गाड्यांना सायलेन्सर लागणार नाही. आपण बॅटरीच्या पेट्या करायचा प्रयत्न करतोय. अजून जमलेल्या नाहीत. काम मिळालेलं नाही.”

प्रेस थांबलेले होते. धाकट्याच्या शाळासोबत्यानं विचारलं, “मग आमचं काय, दादा?”

“पूर्ण उत्तर आज माझ्याकडे नाही.”

हे वाक्य तोंडून गेल्यावर आपण उघड्यावर उभे आहोत असं त्यांना वाटलं. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलंही नाही. मागून एक तरुण माणूस चिडून म्हणाला, “मग कुणाकडे आहे?”

“तिच्याकडे थोडं आहे,” दादा म्हणाले आणि बाजूला झाले.

चिमणी पुढे आली. शिकायची तयारी असेल त्या प्रत्येकाला पूर्ण पगारावर वेल्डिंगचं शिक्षण मिळेल, असं तिनं सांगितलं. निवृत्तीला आलेल्यांसाठी वेगळी बोलणी होतील, ती ताई करतील. आणि सगळ्यांना इथेच काम मिळेल असं ती म्हणणार नाही, कारण ते तिला माहीत नाही. दर आठवड्याला ती इथे येऊन सांगेल, बातमी चांगली असो की वाईट.

तो चिडलेला तरुण निघून गेला. त्याच्यामागे आणखी काही जण गेले. बाकीचे थांबले, आणि मग प्रश्न सुरू झाले. शिकवणार कोण, डोळ्यांना त्रास होतो का, चाळिशीनंतर हात वळतो का. शेवटच्या प्रश्नाला दादांनीच उत्तर दिलं. “साठीनंतरचा आज वळला नाही. पण मी दोनच तुकडे वापरून बघितले.”

*

ताईंना घरी सोडायचं काम दादांचंच होतं. आजही त्यांनी गाडी फाटकाशी आणून दार उघडून दिलं. रस्त्याच्या कडेचे दिवे नुकतेच लागत होते.

“तू माझ्याविरुद्ध मत दिलंस,” दादा म्हणाले.

“हो.”

“परत वेळ आली तर?”

“परत देईन.”

त्यांनी मान हलवली. पुढचा सिग्नल लाल होता. गाडी थांबवून ते म्हणाले, “बरं. मग मला आता वाईट बातम्या कळायला हव्यात. आजपासून. काही राहिलीय?”

ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “एक आहे. चिमणी तुझ्या खोलीत बसणार नाही म्हणते. तिला खाली टाकीशेजारी जागा हवी. तुझ्या खोलीत शिकवणीचा वर्ग भरवायचाय. तुझं ते मोठं टेबल बाहेर काढायला हवं, आणि ते दारातून निघत नाही. माणसं म्हणतायत, करवतीनं कापावं लागेल.”

“कापायचं कशाला?” दादा म्हणाले. “खालून बोल्ट आहेत. सुटं होतं ते. आतच जोडून घेतलं होतं.” सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीनं भोंगा दिला, तरी ते क्षणभर तसेच थांबले. “उद्या सकाळी मी येतो पाना घेऊन. छोट्यालाही बोलाव. एक बाजू धरायला दुसरा माणूस लागतो.”